कॅमेरा ‘एम’वर ठेवल्यावर : वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न मॅन्युअल मोडबद्दलचे आहेत, म्हणजे डायलवरच्या ज्या ‘एम’ खुणेवर उजेडाचे आकडे कॅमेरा नव्हे, तर आपण ठरवतो त्याबद्दलचे. ते आकडे तीन : शटर किती वेळ उघडं राहतं (१/६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग), अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र किती मोठं आहे (‘एफ’चा आकडा), आणि आयएसओ, म्हणजे आलेल्या उजेडातून फोटो किती उजळ करायचा. कॅमेऱ्यातला मीटर उजेड मोजतो, आणि त्याचा काटा शून्यावर आला की त्याच्या मते उजेड बरोबर असतो. उत्तरांतले आकडे सुरुवात कुठून करायची यासाठी आहेत. पहिला फोटो काढून, पडद्यावर पाहून एक-दोन खटके इकडेतिकडे करावेच लागतात. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलचा एक खटका म्हणजे स्टॉपचा तिसरा हिस्सा असतो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे हिशेब अवघड वाटणार नाहीत.

प्रश्न : मी सुट्टीत शाळकरी मुलांना कॅमेरा शिकवते. पहिल्याच दिवशी फळ्यावर शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओचा त्रिकोण काढून समजावते. मुलांना तो पाठ होतो. पण कॅमेरा हातात दिला की ती मीटरचा काटा शून्यावर आणतात आणि थांबतात. आकडे बरोबर, फोटो मात्र हललेले किंवा नुसतेच सपाट. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : त्रिकोण खोटा नाही, पण तो पहिल्या दिवसाचा धडा नव्हे. त्यातून मुलांना एवढंच कळतं की तीन आकड्यांचा मेळ घालायचा आहे. मग काटा शून्यावर आला की गणित सुटलं, असं त्यांना वाटणारच. प्रत्यक्षात एकाच उजेडात शून्यावर येणाऱ्या जोड्या कितीतरी असतात. आयएसओ तोच ठेवून एफ ११ला १/६०, एफ ८ला १/१२५, एफ ५.६ला १/२५० आणि एफ ४ला १/५०० असे चार फोटो काढा. चारही सारखेच उजळ येतील. पण पहिल्यात धावणारं मूल पुसट होईल आणि मागची भिंत बऱ्यापैकी स्पष्ट दिसेल, तर चौथ्यात मूल जागच्या जागी थांबेल आणि भिंत मऊ होईल. यांपैकी कोणता फोटो हवा, हे मीटर सांगू शकत नाही. ते फोटो काढणाऱ्याने आधी ठरवायचं असतं, आणि नेमका तोच भाग वर्गात राहून जातो.

त्रिकोणामुळे आणखी एक गैरसमज होतो. तिन्ही कोन सारख्याच वजनाचे वाटतात. खरं तर सेन्सरवर किती उजेड पोचणार, हे शटर आणि अ‍ॅपर्चर ठरवतात. आयएसओ वाढवल्याने आत येणारा उजेड वाढत नाही. आलेल्या उजेडातून फोटो किती उजळ करायचा, एवढंच त्याने ठरतं. म्हणून शिकवतानाही त्याचा नंबर शेवटी यावा.

पहिला तास नुसत्या शटरला द्या. डायल शटर प्रायॉरिटीवर (कॅननवर ‘टीव्ही’, निकॉन आणि सोनीवर ‘एस’) आणि आयएसओ ऑटोवर ठेवा, म्हणजे बाकीचं कॅमेरा सांभाळेल. बाहेर सावलीत एखादा नळ बारीक सोडून १/१५, १/६०, १/२५० आणि १/१००० असे चार फोटो काढायला लावा. पहिला फोटो काढताना कॅमेरा स्टुलावर टेकवलेला असू द्या. १/१५ला धार रेशमी लडीसारखी दिसते आणि १/१०००ला थेंब सुटे होतात. त्यानंतर एकाला चालायला, एकाला पळायला आणि एकाला उडी मारायला लावून, प्रत्येकासाठी किमान किती शटर लागतं ते मुलांनाच शोधू द्या. साधारण १/२५०, १/५०० आणि १/१०००च्या आसपास ती स्वतःच येऊन पोचतात. हे तक्त्यात वाचून लक्षात राहत नाही, पण एकदा शोधलं की विसरत नाही.

दुसरा तास अ‍ॅपर्चरचा. डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (‘एव्ही’ किंवा ‘ए’) फिरवा. टेबलावर तीन वस्तू एकेक वीत मागे-पुढे ठेवा आणि कॅमेऱ्यापासून पहिली वस्तू मीटरभर लांब असू द्या. साधी १८-५५ लेन्स (१८ ते ५५ मिलिमीटर झूम होणारी) असेल तर ती ५५वर न्या, सगळ्यांत पुढच्या वस्तूवर फोकस करा आणि एफ ५.६ व एफ २२ असे दोनच फोटो काढा. ५.६ला पहिली वस्तू तेवढी नेमकी येते. २२ला दुसरीही जवळपास स्पष्ट होते. मात्र २२ला शटर फार हळू होतं, म्हणून कॅमेरा टेबलावर किंवा ट्रायपॉडवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावायला विसरू नका. नाहीतर मुलं हललेला फोटो बघून ‘२२ला फोटो पुसट येतो’ असा भलताच निष्कर्ष काढतात. पुढे कधीतरी हेही सांगावं लागेल की १६, २२ला लेन्सची धार खरोखरच थोडी बोथट होते, कारण छिद्र फार लहान झालं की प्रकाश त्याच्या कडेपाशी पसरतो. पण पहिल्या आठवड्यात नको.

आयएसओला अर्धा तास पुरे. तीच वस्तू १०० आणि ६४००ला काढा आणि पडद्यावर पूर्ण मोठी करून सावलीचा भाग पाहा.

आता ‘एम’. इथे एक नियम घालून द्या : डायलला हात लावण्याआधी मुलाने मोठ्याने सांगायचं, ‘मला हे थांबवायचंय’ किंवा ‘मला इथून तिथपर्यंत स्पष्ट हवंय’. पहिलं वाक्य आलं तर आधी शटर लावायचं, दुसरं आलं तर आधी अ‍ॅपर्चर. मग राहिलेला आकडा, आणि सगळ्यांत शेवटी आयएसओने काटा जागेवर.

‘एम’ का असतो, ते दाखवणारा एक प्रयोग मात्र चुकवू नका. एका मुलाला मोठ्या सावलीत बसवा, चेहरा नीट येईल असे आकडे लावा आणि डायल सोडून द्या. आता त्याच मुलाचे फोटो मागे गडद दार घेऊन, मागे उजळ आकाश घेऊन, जवळून आणि लांबून काढा. मीटरचा काटा उड्या मारेल, पण चेहरा सगळ्या फोटोंत सारखाच येईल, कारण चेहऱ्यावर पडणारा उजेड बदललेलाच नाही. ऑटोमध्ये आकाश मागे आलं की चेहरा काळवंडला असता. काटा हलला तरी आकडे बदलायचे नसतात, हे ज्या मुलाला इथे पटलं त्याला मॅन्युअल आला असं समजा. मग तेच मूल उन्हात आणा. फोटो पांढराफटक येईल, कारण मोकळी सावली आणि ऊन यांत तीनेक स्टॉपचा फरक असतो. शटर १/१२५वर असेल तर ते १/१०००वर न्यावं लागेल.

या सगळ्या दिवसांत फोकस ऑटोवरच असू द्या आणि व्हाइट बॅलन्सही (दिव्याच्या रंगानुसार फोटोचे रंग सावरणारी सोय). मॅन्युअल मोड म्हणजे मॅन्युअल फोकस नव्हे. दोन्ही एकदम सुरू केलं की फोटो कशामुळे बिघडला ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : ‘एम’वर ठेवून मी शटर १/६०वरून १/५०० केलं, तरी फोटो तेवढाच उजळ आला. कॅमेरा बिघडला आहे का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. तुमचा आयएसओ ऑटोवर राहिला आहे. ‘एम’वर गेलं तरी ऑटो आयएसओ आपोआप बंद होत नाही, म्हणून तुम्ही तीन स्टॉप उजेड कमी केलात आणि कॅमेऱ्याने आयएसओ तीन स्टॉप वाढवून तो भरून काढला. दोन्ही फोटोंची माहिती उघडून पाहा, पहिल्यात ४०० असेल तर दुसऱ्यात ३२०० दिसेल. शिकत असताना आयएसओला ठराविक आकडा द्या.

आकडा दिल्यावरही फोटो अपेक्षेपेक्षा कमी गडद होत असतील, तर कॅमेरा सावल्या आपल्या मनाने उजळतोय का ते बघा. कॅननमध्ये या सोयीचं नाव ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर आहे, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग. एरवी ती कामाची, पण एक स्टॉप कमी केल्याने नेमकं काय होतं हे शिकायचं असेल तेव्हा बंद असलेली बरी.

हात बसल्यावर ‘एम’ आणि ऑटो आयएसओ ही जोडी मुद्दाम वापरण्यासारखी आहे. ढग येत-जात असताना मुलं खेळत असतील तर शटर १/५००, अ‍ॅपर्चर ५.६ असं पक्कं करा आणि आयएसओला वरची मर्यादा ६४०० घाला. हवे ते दोन आकडे तुमच्या हातात राहतात आणि उजेडाचा पाठलाग कॅमेरा करतो.

प्रश्न : कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सने ‘एम’वर सगळं नीट लावते. पण झूम केलं की फोटो गडद होतो. मी तर काहीच बदललेलं नसतं.

उत्तर : तुम्ही नाही, लेन्सने बदललेलं असतं. तिच्या तोंडावरच्या कड्यावर ३.५-५.६ असे दोन आकडे दिसतील. याचा अर्थ १८ला छिद्र जास्तीत जास्त ३.५पर्यंत उघडतं आणि ५५ला ५.६च्या पलीकडे उघडत नाही. तुम्ही १८ला ३.५ लावून झूम केलंत की कॅमेरा नाइलाजाने ५.६वर जातो. हा फरक एक पूर्णांक एक तृतीयांश स्टॉपचा, म्हणजे चार खटक्यांचा आहे. यावर उपाय एकच : ज्या कामात झूम मागे-पुढे करणार असाल, तिथे सुरुवातीलाच ५.६ किंवा त्याहून मोठा आकडा लावा. ५.६ला दोन्ही टोकांना उजेड सारखा राहतो.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षांची आहे. संध्याकाळी घरात दिव्याच्या उजेडात तिचे फोटो काढते ते सगळे पुसट येतात. लेन्स १८-५५ आहे. आकडे असे : १/३०, एफ ५.६, आयएसओ ८००, झूम ५५वर. आयएसओ वाढवायला भीती वाटते, फोटो दाणेदार होतो ना?

उत्तर : आधी पुसटपणा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, कारण तिन्हींवर वेगळे उपाय आहेत. एखादा फोटो पूर्ण मोठा करून नीट पाहा. सगळीच चौकट एका दिशेने ओढल्यासारखी असेल आणि दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील तर तुमचा हात हलला. खुर्ची, भिंत, पडदा स्पष्ट आहेत आणि मुलगी तेवढी पुसट आहे, तर ती हलली. तिचा चेहरा मऊ आहे, पण तिच्यामागचा पडदा किंवा पुढ्यातलं खेळणं अगदी टोकदार आहे, तर फोकस चुकला. शटर वाढवून फोकस सुधारत नाही आणि फोकस सुधारून हललेलं मूल थांबत नाही.

१/३०ला तुमच्याकडे पहिल्या दोन्ही गोष्टी होत असणार. हाताचा ढोबळ नियम असा : शटरच्या अपूर्णांकातला खालचा आकडा लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा मोठा असावा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा (जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) असणार, म्हणून मिलिमीटरला दीडने गुणा. ५५ला ८२ येतात, म्हणजे किमान १/१००. लेन्समध्ये कंप रोखायची सोय असेल तर यापेक्षा हळू शटरही हाताने चालतं. पण ती सोय फक्त तुमच्या हाताचा कंप सावरते, मुलीला थांबवत नाही. दोन वर्षांचं मूल बसलेलं असलं तरी मान वळवतं, हात उडवतं. त्याला १/२५० द्या.

१/३०वरून १/२५० म्हणजे तीन स्टॉप. ते कुठून आणायचे? झूम १८वर आणा आणि अ‍ॅपर्चर ३.५ करा : एक पूर्णांक एक तृतीयांश स्टॉप मिळाला. अर्थात मग तुम्हाला जवळ जावं लागेल. तेही तिच्या उंचीला येऊन, जमिनीवर बसून. फार जवळ मात्र नको, १८ला अगदी चेहऱ्याशी गेलात तर नाक मोठं दिसतं. तिच्या आजूबाजूचंही थोडं चौकटीत येऊ द्या. राहिलेला एक पूर्णांक दोन तृतीयांश स्टॉप आयएसओने भरा. ८००पासून पाच खटके पुढे मोजले की २५०० येतो. म्हणजे तुमचे नवे आकडे १/२५०, एफ ३.५, आयएसओ २५००. खोलीतला आणखी एक दिवा लावून तिला त्याच्या जवळ खेळायला बसवलंत तर आयएसओ १२५०वरही भागेल. दिव्यापासूनचं अंतर निम्मं झालं की त्याचा उजेड चौपट होतो, म्हणून दिव्याच्या दोन पावलं जवळ सरकणं हे कित्येकदा नव्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दाण्यांची भीती मनातून काढून टाका. दाणे मुख्यतः उजेड कमी पडल्याने येतात, आयएसओचा आकडा नुसता त्यांना उघडं पाडतो. आयएसओ ८००वर अडून फोटो गडद काढलात आणि मग संगणकावर उजळलात तर दाणे तेवढेच, कधी जास्तच दिसतात आणि जेपीईजी फाइल असेल तर सावल्यांमध्ये रंगांचे डागही पडतात. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात, छोट्या छापील फोटोत तर ते जाणवतही नाहीत. हललेले डोळे मात्र कशानेच परत स्पष्ट होत नाहीत.

फोकससाठी एवढंच करा : एकच फोकस पॉइंट निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. मुलगी पळत असेल तेव्हा सतत फोकस (कॅननवर ‘एआय सर्व्हो’ किंवा ‘सर्व्हो’, इतरत्र ‘एएफ-सी’) लावा.

प्रश्न : काटा बरोबर शून्यावर असतो, तरी पांढऱ्या भिंतीसमोरचे फोटो मळकट येतात आणि आमच्या काळ्या कुत्र्याचे राखाडी.

उत्तर : मीटरला भिंत आणि कुत्रा कळत नाही. समोरून परत येणारा उजेड मध्यम राखाडी पृष्ठभागावरून आलाय असं धरूनच तो मोजतो. हा मध्यम राखाडी परंपरेने १८ टक्के उजेड परतवणारा मानला जातो. चौकटभर पांढरं असलं की ‘उजेड फार आहे’ असं समजून तो तुम्हाला कमी करायला लावतो, आणि काळं असलं की जास्त. त्याचा शून्य म्हणजे ‘राखाडी’, ‘बरोबर’ नव्हे.

पांढऱ्या भिंतीसाठी काटा अधिक १ ते अधिक १ पूर्णांक दोन तृतीयांशवर, काळ्या कुत्र्यासाठी तेवढाच उणे बाजूला न्या. जुन्या काही निकॉन कॅमेऱ्यांत पट्टीची अधिक बाजू डावीकडे असते, तेव्हा बाजू न धरता चिन्ह वाचा. पांढऱ्याला किती वाढवायचं याची मर्यादा शोधायला कॅमेऱ्यातली ‘हायलाइट अ‍ॅलर्ट’ची सोय चालू करा. जिथे काहीच तपशील उरला नाही तो भाग फोटो बघताना लुकलुकतो. भिंत लुकलुकायला लागली की दोन खटके मागे या. दिव्याचा बल्ब किंवा पाण्यावरची चमक लुकलुकली तर तिकडे लक्ष देऊ नका, तिथे तपशील नसतोच.

आणखी एक हुकमी पद्धत आहे. मीटर स्पॉटवर (चौकटीचा छोटासा भाग तेवढा मोजणाऱ्या पद्धतीवर) ठेवा, ज्याचा फोटो काढायचाय त्याच्यावर पडतो तोच उजेड आपल्या तळहातावर घ्या, तळहात मोजा आणि काटा अधिक १वर आणा. तळहाताची कातडी साधारणपणे मध्यम राखाडीपेक्षा एक स्टॉप उजळ असते. तुमच्या हाताला हा फरक थोडा कमी-जास्त असू शकतो, म्हणून एकदा राखाडी कार्डाशी ताडून घ्या. मग कार्ड घरी राहिलं तरी चालेल.

प्रश्न : खरे छायाचित्रकार फक्त मॅन्युअलच वापरतात, असं मित्र सांगतात.

उत्तर : तसं काही नाही. उजेड स्थिर आहे आणि चौकट बदलतेय, तिथे ‘एम’ सरस. उजेडच क्षणाक्षणाला बदलतोय, तुम्ही चालता-चालता कधी उन्हात, कधी सावलीत फोटो काढताय, तिथे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आणि उजेडाची भरपाई करणारं अधिक-उण्याचं बटण ही जोडी जास्त विश्वासाची. ट्रायपॉडवर रात्रीचं दृश्य, फ्लॅशचं काम, अनेक फोटो एकाला एक जोडून करायचा रुंद देखावा यांत मॅन्युअलला पर्याय नाही. मोड कोणता होता, हे फोटो बघणाऱ्याला कधीच दिसत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. बाबांच्या कॅमेऱ्याला एकच डायल आहे. ‘एम’वर ती फिरवली की फक्त शटर बदलतं. अ‍ॅपर्चर कसं बदलायचं?

उत्तर : शटरच्या बटणाजवळ किंवा मागच्या बाजूला अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं एक बटण शोध. कॅननच्या साध्या कॅमेऱ्यांवर त्याच्याशेजारी ‘एव्ही’ असं लिहिलेलं असतं. ते दाबून धर आणि तीच डायल फिरव. पडद्यावर ‘एफ’चा आकडा बदलताना दिसेल. एक गंमत लक्षात ठेव : एफचा आकडा लहान, तर छिद्र मोठं. हा आकडा म्हणजे लेन्सच्या लांबीला छिद्राच्या रुंदीने भागल्यावर येणारं उत्तर आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरचं छिद्र असेल तर एफ २. आता त्याच लेन्सला एफ ८वर छिद्र किती, ते तूच काढ. (सव्वासहा मिलिमीटर आलं तर बरोबर.)

प्रश्न : सभागृहात एलईडी दिव्यांखाली काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे येतात. काही फोटो पिवळट, काही गडद. आकडे तेच होते.

उत्तर : दिवे लुकलुकत असतात, डोळ्यांना ते कळत नाही. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा. तुम्ही १/५०० लावलंत तर एखादा फोटो उजेडाच्या शिखरावर पडतो, पुढचा दरीत. त्यात शटर म्हणजे सेन्सरवरून सरकत जाणारी फट असल्याने एकाच फोटोत काही पट्टे उजळ, काही गडद होतात.

५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १/१०० किंवा १/५० लावा, ६० हर्ट्झच्या पुरवठ्यात १/१२५ किंवा १/६०. म्हणजे प्रत्येक फोटोत लुकलुकण्याचा पूर्ण फेरा येतो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर आधी ते बंद करा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वाचायला त्याला जास्त वेळ लागतो आणि पट्टे वाढतात. मेनूमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर तेही चालू करा. रंगमंचावरचे मंद केलेले एलईडी दिवे कधीकधी या हिशेबात बसत नाहीत, कारण ते वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. तिथे शटर एकेक खटका हलवत पट्टे कुठे नाहीसे होतात ते पाहावं, आणि हे काम कार्यक्रम सुरू होण्याआधी उरकावं.

प्रश्न : फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये अ‍ॅपर्चर का बदलता येत नाही?

उत्तर : कारण बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र कायमचं एकाच मापाचं असतं. तुमच्या हातात शटर आणि आयएसओ एवढंच. शटर शिकायला मात्र फोन उत्तम आहे. नळाचा प्रयोग त्यावरही जमतो.

प्रश्न : कॅमेऱ्याच्या पडद्यावर रात्रीचा फोटो छान दिसला, घरी संगणकावर पाहिला तर काळोख.

उत्तर : अंधारात पडदा दिव्यासारखा प्रखर वाटतो, म्हणून गडद फोटोही उजळ भासतो. उन्हात याच्या उलट होतं. फोटोशेजारी हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद ते उजवीकडे उजळ असे भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख, उघडत जा. आलेखाचा सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटून चिरडलेला असेल तर सावल्या गेल्या, उजवीकडे चिकटला असेल तर पांढरे भाग गेले. रात्रीच्या दृश्यात डोंगर डावीकडे झुकलेलाच असतो, त्याला मध्यावर आणू नका, नाहीतर रात्रीची संध्याकाळ होते. आणि पडद्याची प्रखरता ऑटोवरून काढून एका ठिकाणी कायम करा.

प्रश्न : पौर्णिमेचा चंद्र दर वेळी पांढरा गोळा येतो. लेन्स २५० मिलिमीटरपर्यंत जाते.

उत्तर : कॅमेऱ्याला चौकटभर काळं आकाश दिसतं आणि तो रात्रीचे आकडे लावतो. पण चंद्रावर थेट सूर्याचा प्रकाश पडलेला असतो, म्हणून त्याला जवळपास दिवसाचेच आकडे लागतात : आयएसओ १००, एफ ११, शटर १/१२५. ही सुरुवात. एफ ११वरून ८वर आलात तर शटर १/२५०. पण २५० मिलिमीटरला हातात धरून काढायचं तर दीडपटीच्या नियमाने १/४०० तरी हवं, म्हणून आयएसओ २०० आणि शटर १/५०० करा. मीटर तळाला जाऊन उणे दाखवत राहील, त्याच्याकडे बघू नका. अर्ध्या चंद्राला साधारण दोन स्टॉप जास्त द्या, आणि क्षितिजाजवळच्या तांबूस चंद्राला हवेच्या जाड थरामुळे त्याहूनही जास्त लागू शकतं.

फोकस दूरच्या एखाद्या दिव्यावर किंवा चंद्राच्याच कडेवर करून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. ट्रायपॉड असेल तर टायमर लावा, आणि लेन्स जुनी असेल तर कंप रोखायची सोय बंद ठेवा, स्थिर आधारावर ती स्वतःच थरथर आणू शकते. चंद्राची सेन्सरवरची प्रतिमा लेन्सच्या लांबीच्या सुमारे ११०व्या हिश्शाएवढी असते. २५०ला ती सव्वादोन मिलिमीटर भरते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात पावणेसहाशे पिक्सेलच्या आसपास. मोठी विवरं आणि गडद मैदानं दिसायला ती पुरते. ५५ला तोच चंद्र अर्ध्या मिलिमीटरचा होतो, तेव्हा त्या लेन्सने नुसत्या चंद्राच्या मागे लागू नका. सूर्यास्तानंतर आकाशात निळा उजेड शिल्लक असताना तो झाडांच्या किंवा घरांच्या वर येईल तेव्हा काढा. त्या वेळी चंद्र आणि जमीन यांच्या उजेडातला फरक एका फोटोत मावण्याइतका कमी असतो.